कागदवाली आपा

आपांबरोबर कुठं जायचं म्हटलं की माणसं दोन असली तरी तिकिटं तीन निघायची. एक त्यांचं, एक माझं आणि एक पेटीचं. पेटी थर्माकोलची, आत बर्फ, वरून निळी नायलॉनची दोरी बांधलेली. ती आपा मांडीवर घेत नसत, कारण मांडीची ऊब लागते. वरच्या फळीवरही ठेवू देत नसत, कारण फळीवर कुणीतरी तिच्यावर ज्वारीचं पोतं टाकतं. उन्हाची नसलेली सीट बघून पेटी बसवायची, शेजारी आपण बसायचं आणि कंडक्टर आला की शांतपणे तीन बोटं दाखवायची.

हिंगोलीच्या गाडीवर एकदा नवा कंडक्टर होता. तो म्हणाला, "मावशी, पेटीला शीट काहून? खाली ठिवा की पायाशी."

"पेटीत सव्वीस बाया बसल्यात, भाऊ," आपा म्हणाल्या.

त्यानं पेटीकडं पाहिलं, मग माझ्याकडं पाहिलं. मी खिडकीबाहेर बघत होते.

"त्यांच्या डोळ्यावरचं अस्तर हाय. जिवंत हाय अजून. पायाशी ठिवू का?"

तो तिकीट फाडून पुढं गेला. पण माणूस चांगला निघाला. पुढं पुढं गाडीत गर्दी असली की तोच मागून ओरडायचा, "ती शीट सोडा हो, तिथं लेडीज हायत!" आणि लोक पेटीकडं बघत उभे राहायचे.

मी मूळची पुसेगावची. लॅब टेक्निशियनचा डिप्लोमा करून लग्नानंतर वसमतला आले, आणि एका धर्मादाय डोळ्यांच्या दवाखान्यात सहा-सहा महिन्यांच्या ऑर्डरवर लागले. रक्त, लघवी, साखर तपासायची असं काम असेल म्हणून गेले. पहिल्या दिवशी मला मागच्या बाजूच्या एका खोलीत पाठवलं. दारावर पाटी होती : 'इथं चष्मा मिळत नाही'. दुसरी कुठलीच पाटी नव्हती. पुढं कळलं की दवाखान्यानं 'संशोधन विभाग' अशी छान पाटी रंगवून लावली होती. ती वाचून, म्हणजे न वाचताच, दिवसाला पंधरा लोक नंबर काढायला आत यायचे. आपांनी ती पाटी उतरवली आणि लोकांना ज्याची गरज होती तेवढंच लिहिलं.

आत पन्नाशीची एक ठेंगणी बाई लहान कात्रीनं पांढऱ्या कागदाचे तुकडे कापत होती. नखाएवढे, सगळे सारख्या मापाचे. डोक्यावरून पदर, डाव्या हातात कोपराच्या दिशेनं चढत गेलेल्या हिरव्या काचेच्या बांगड्या, उजवा हात मोकळा. मला वाटलं, ही इथली आया असावी. मी विचारलं, "मॅडम कुठंयत?"

"मॅडम कुणी न्हाई इथं. मीच हाय. आपा म्हण," त्या म्हणाल्या. "तुला कात्री धरता येते का? थांब, बराबर येते म्हणू नको. किती सरळ कापता येतं ते दाखव."

आपांचं काम लोकांना सांगितलं तर खरं वाटायचं नाही. डोळ्याच्या पांढऱ्या भागावर एक पातळ पारदर्शक अस्तर असतं. डोळ्यात सुन्न करणारा थेंब टाकून त्या अस्तरावर कागदाचा तुकडा तीन-चार सेकंद टेकवायचा आणि उचलायचा. कागदाला वरच्या थरातल्या पेशी चिकटून येतात. दुखत नाही, रक्त येत नाही, तेवढा थर पुन्हा भरून येतो. तो कागद औषधाच्या नळीत, नळी बर्फात. मग लॅबमध्ये त्या पेशी सोडवून त्यांना चमकणारा रंग जोडलेली द्रव्यं लावायची. पेशीच्या पृष्ठभागावर काही ठरावीक रेणू असले तरच ती द्रव्यं तिथं चिकटतात, आणि खास सूक्ष्मदर्शकाखाली पेशीची कड हिरवी उजळते.

पहिल्या आठवड्यात मला यातलं काही कळलं नव्हतं. त्या रेणूंची इंग्रजी अक्षरांची आणि आकड्यांची नावं मी पाठ करत बसले होते. आपांनी माझी वही मिटली.

"घाबरल्यावर अंगावर काटा येतो का तुझ्या?"

"येतो."

"पेशीच्या बी येतो. धूळ गेली, धूर गेला, तकलीफ सुरू झाली की ती आपल्या अंगावर हे रेणू बाहेर काढती. वरून डोळा पांढराशुभ्र दिसतो. डाक्टर बॅटरी मारतो, म्हणतो काही न्हाई. पण पेशीच्या अंगावर काटा असतो. आपण काटा मोजायचा. बस, एवढंच काम हाय."

अंधाऱ्या खोलीत भर दुपारी आम्ही मोजत बसायचो. आपा सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बोलायच्या आणि मी लाल दिव्यात लिहायची. "साफ. काटा. काटा. साफ. काटा." शंभर पेशी झाल्या की त्या डाव्या हातातली एक बांगडी काढून उजव्या हातात चढवायच्या, नजर न हलवता. काचेची बांगडी अशी एका हातानं काढता-घालता येते हे मी त्यांच्याकडंच पाहिलं. त्यांची आई बांगडीवाली होती. पिढीजात मनियार. खेडोपाडी टोपली घेऊन फिरायची आणि लहानपणी आपा तिच्याबरोबर जायच्या.

डोळ्याला कागद लावायची आपांची रीतही आईचीच. त्या समोर बसायच्या, बाईची हनुवटी हातात घ्यायच्या आणि बोलत राहायच्या. पोरी किती, सासर कुठलं, गाय दूध देती का. "बांगडी भरताना बाईला बोलतं ठेवायचं. हात आपोआप सैल पडतो," त्या म्हणायच्या. बाई गाईच्या दुधाचं सांगत असायची तोवर कागद टेकून निघालेला असायचा.

आणि प्रत्येक ठिकाणी पहिला कागद स्वतःच्या डोळ्याला. मोंढ्यामागं, म्हणजे धान्यबाजाराच्या मागं, हळद पॉलिश करायची शेडं आहेत. वाळलेली हळद मोठ्या ढोलात घालून फिरवतात, आणि पिवळी धूळ अशी उडते की शेडातून बाहेर आलेली बाई लांबूनच ओळखू येते. पहिल्यांदा आम्ही तिथं गेलो तेव्हा एक म्हातारी कामकरीण उसळली, "डोळ्याचं कातडं काढून राहिली का माझ्या? आंधळी झाले तर सून भाकर घालती का मला?"

आपा खाली बसल्या, आपल्या डोळ्यात थेंब टाकला, माझ्या हातात चिमटा दिला आणि पापणी ताणून धरली. मी कागद दोनदा जवळ नेऊन मागं घेतला. "घाबरू नको, डोळा माझा हाय," त्या म्हणाल्या. मी कागद टेकवून उचलला. मग आपा म्हातारीकडं वळून म्हणाल्या, "आता ही पोरगी. मग तू."

तेव्हापासून तोच नियम. आधी आपा, मग मी, मग बाया. आमच्या दोघींच्या नळ्याही नंबर घालून पेटीत जायच्या. आपांचा नमुना कधी साफ, कधी काटेरी यायचा. माझा मात्र कायम काट्यानं भरलेला, कारण लहानपणापासून माझ्या डोळ्यांना खाज. आपा हसायच्या, "तुझा डोळा म्हणजे बाभूळ हाय."

त्यांची सगळ्यात मोठी खोड म्हणजे 'बराबर' या शब्दाशी असलेलं वैर. आमच्याकडं दर तिसऱ्या वाक्यात बराबर येतं. जेवण बराबर झालं, गाडी बराबर आली, पोरगं बराबर शिकून राहिलं. आपांसमोर कुणी बराबर म्हटलं की त्या लगेच विचारायच्या, "किती?" चहावाल्याला विचारायच्या. दवाखान्याच्या सेक्रेटरींना भर मीटिंगमध्ये विचारायच्या. एकदा माझे सासरे त्यांना भेटले आणि म्हणाले, "सूनबाई बराबर काम करते ना?" आपा म्हणाल्या, "बराबर म्हणजे किती ते सांगता येणार न्हाई. पण कागद सरळ कापते."

या वैराचं कारण मला बऱ्याच उशिरा कळलं. आपा मोठ्या शहरातल्या मोठ्या संस्थेत कितीतरी वर्षं होत्या. इकडं त्यांच्या आईला बांगड्यांची टोपली उचलेना, म्हणून ती हळद निवडायला जाऊ लागली. तिचे डोळे सतत गळायचे, टोचायचे. दोन-तीन दवाखाने झाले. सगळीकडं एकच उत्तर मिळालं, डोळे बराबर हायत. "अम्मीच्या डोळ्यात सगळं बराबर होतं," आपा म्हणाल्या. "फक्त अम्मीला ते उघडता येत नव्हते." आई गेल्यावर त्यांनी संस्था सोडली आणि वसमतला येऊन या मागच्या खोलीत बसल्या. लग्न केलं नव्हतं. का केलं नाही, असं मी एकदा विचारलं, तर म्हणाल्या, "यादीत होतं. राहून गेलं."

हळदीच्या शेडातल्या बायांचे नमुने पुरेसे झाले. आता तुलनेला अशा बाया हव्या होत्या ज्यांनी हळदीची धूळ कधी खाल्ली नाही. माझी मावशी सेनगाव तालुक्यात साखऱ्याला दिलेली. तिकडं कोरडवाहू शेती, हळदीचं नाव नाही. मावशीनं घरोघर जाऊन, भांडून, समजावून अकरा बाया तयार केल्या. नेमकी त्याच आठवड्यात आपांची दवाखान्यात कामं निघाली, म्हणून त्या मला म्हणाल्या, "तू जा. येतं तुला सगळं."

पहिल्यांदाच मी एकटी गेले. पेटीचं तिकीट काढलं. साखऱ्यात मावशीच्या ओट्यावर आधी माझ्या डोळ्याला मीच आरशात बघून कागद लावला, मग अकरा बाया. एकही नमुना वाया गेला नाही. परतताना हिंगोलीला गाडी बदलली तेव्हा मला इतका अभिमान वाटत होता की पेटी जणू मीच घडवली होती.

औंढ्याच्या अलीकडं गाडी बंद पडली. चैत्राचं ऊन. ड्रायव्हर म्हणाला दहा मिनिटं, मग म्हणाला दुसरी गाडी येईल. मी पेटी उचलून लिंबाच्या सावलीत नेली. पुढं एक रसवंती दिसली, तिथवर पळत गेले. रसवंतीवाला म्हणाला, "ताई, आज बर्फाची गाडीच आली न्हाई." दुसरी गाडी आली तीही भरलेली. पेटी मांडीवर घेऊन मी इंजिनाजवळ बसले. वसमतला उतरले तेव्हा दिवस मावळत होता. लॅबमध्ये दोरी सोडून आत हात घातला. बर्फाचा खडाही नव्हता. नळ्या पाण्यात तरंगत होत्या, आणि पाणी कोमट होतं.

मी तशीच उभी राहिले. गारवा गेला की पेशी मरायला लागतात आणि अंगावरच्या खुणा गळून जातात, हे मला पाठ होतं. ऑर्डरचे सहा महिने संपत आले होते, हेही मनात आलं, पण खरं कारण ते नव्हतं. आपांनी मला पहिल्यांदा एकटीला पाठवलं होतं. मी पाणी ओतलं, फ्रीजमधला ताजा बर्फ भरला, नळ्या खोचल्या आणि दोरी बांधून घरी गेले.

सकाळी आपा म्हणाल्या, "गाडी बंद पडली म्हणं. उशीर झाला का?"

"झाला थोडा."

"बर्फ?"

"बराबर होता," मी म्हणाले.

आपांनी पेटी उघडली, ताजा बर्फ पाहिला आणि मान हलवली.

मोजणी सुरू झाली. "साफ. साफ. साफ. साफ." मी लिहीत होते. नमुन्यामागून नमुना साफ. एका नळीपाशी आपा थांबल्या. मी नंबर पाहिला, तो माझा होता. मग त्या हळूच म्हणाल्या, "साफ," आणि पुढं गेल्या.

आलेख काढला तेव्हा त्यात दोन दांडे होते. हळदीवाल्या बायांचा उंच, साखऱ्याच्या बायांचा जमिनीला टेकलेला. इतका फरक आपांनीही धरला नव्हता. त्या दिवशी त्यांनी जिलेबी मागवली. दवाखान्याच्या झाडूवाल्यापर्यंत सगळ्यांना दिली, आणि कुणी अभिनंदन म्हटलं की एरवीसारखं चिडल्या नाहीत. संध्याकाळी आलेखाचा कागद उजेडाला धरून त्या बराच वेळ उभ्या होत्या. मी भांडी धुवत होते. मला पाठीमागून त्यांच्याकडं बघवत नव्हतं.

त्यांच्या जुन्या संस्थेत सभा होती. तिथल्या एका ज्येष्ठ शास्त्रज्ञांनी कळवलं होतं की एवढा स्पष्ट फरक असेल तर पुढच्या कामाला पैसा देऊ, आणि पेशी आपोआप मोजणारं यंत्रही पाठवू. वसमतच्या त्या खोलीत तसलं यंत्र! आपांनी ते कुठं बसेल ते खडूनं जमिनीवर आखूनही ठेवलं.

त्या निघाल्या त्या सकाळी मी स्टँडवर गेले. रात्रभर झोप लागली नव्हती. आपा बाकावर बसल्या होत्या, काखेत गुंडाळलेला आलेख, पायाशी पिशवी.

"तू काहून आलीस? सोडायला का? मी काय परदेशी चालले का?"

"आपा, साखऱ्याच्या दिवशी बर्फ वितळला होता."

त्यांनी पिशवीचा बंद हातात घेतला होता, तो तसाच राहिला.

"किती?"

"सगळा."

"पाणी कसं होतं? गार का कोमट?"

"कोमट."

"किती वेळ?"

"चार तास तरी. जास्तीच. मी आल्यावर नवा बर्फ भरला. तुम्हाला खोटं बोलले."

मला रडू यायला लागलं. शेजारच्या बाकावरची माणसं बघू लागली. आपांनी मला हाताला धरून खाली बसवलं. त्या माझ्याकडं बघत नव्हत्या, समोर लागलेल्या गाडीकडं बघत होत्या.

"तू त्या दिवशी म्हणालीस, बराबर होता. मी किती म्हणून विचारलं न्हाई," त्या म्हणाल्या. "एवढ्या वर्षांत कुणी बराबर म्हणलं आन् मी विचारलं न्हाई, असं पहिल्यांदा झालं."

मी डोळे पुसले.

"तुझा नमुना साफ आला. तुझा डोळा कधी साफ येतो का? मला दिसलं होतं पोरी. मला बघायचं नव्हतं."

गाडीचा भोंगा वाजला. त्या उठल्या. मी विचारलं, "तरी तुमी जाऊन राहिल्या का?"

"बोलावलंय तर जाते. आलेख माझा हाय," त्या म्हणाल्या आणि चढल्या. खिडकीतून त्यांनी हात केला नाही.

पुढचे तीन दिवस मी लॅब धुवून काढली. एकूण एक नळी, बाटली, कपाटाचे कप्पे. राजीनामा लिहून टेबलावर ठेवला. चौथ्या दिवशी आपा आल्या. राजीनामा वाचला, उलटा केला. मागची बाजू कोरी होती, त्यावर त्या लिहू लागल्या. मला वाटलं, शेरा मारतायत. थोड्या वेळानं तो कागद माझ्या हातात आला. त्यावर यादी होती : थर्माकोलच्या पेट्या दोन, बर्फ दुप्पट, थर्मामीटर.

"परवा साखऱ्याला जायचं. मावशीला फोन कर."

सभेत काय झालं ते त्यांनी कधीच सांगितलं नाही. काही महिन्यांनी आमच्या दवाखान्यात मोतीबिंदूच्या शिबिराला एक तरुण डॉक्टरीण आली होती. ती त्या सभेत होती. तिनं सांगितलं, "तुमच्या आपांनी आलेख लावला तेव्हा त्यातल्या एका दांड्यावर काळी पट्टी चिकटवलेली होती. म्हणाल्या, हा भाग माझ्याकडं नाही. नमुने गरम झाले होते. माझ्या सहायिकेनं मला सांगितलं. आणि ते आधीच ओळखायचं काम माझं होतं, ते मी केलं नाही." मग त्या डॉक्टरणीनं माझं नाव घेऊन विचारलं, "ती सहायिका तुम्हीच का? त्यांनी नाव सांगितलं होतं. तिथं सगळ्यांसमोर आभार मानले तुमचे."

यंत्र आलं नाही. खडूच्या रेघा बरेच दिवस जमिनीवर होत्या. आम्ही त्या ओलांडून जायचो, मग पुसल्या गेल्या.

साखऱ्याला आम्ही दोघी गेलो. चार तिकिटं. मावशीच्या ओट्यावर बाया जमल्या होत्या, पण तोंडं फुगलेली. त्यातल्या एका धडधाकट बाईनं सगळ्यांच्या वतीनं विचारलं, "मागच्या टायमाला दिलं होतं की. काय केलं त्याचं?"

मी तोंड उघडणार तोच आपा म्हणाल्या, "खराब झालं. आमच्या हातून."

"मंग?"

"मंग पुन्हा मागायला आले. तुमी न्हाई म्हणलं तरी राग न्हाई."

मावशी माझ्याकडं बघत होती आणि मी जमिनीकडं. ती बाई पदर खोचत म्हणाली, "डाक्टर लोकं काही बिघडलं तर सांगत न्हाईत कधी. माझ्या नणंदेचं आपरेशन बिघडलं, कुणी तोंड उघडलं न्हाई." मग ती पुढं येऊन आपांसमोर बसली. "घे बाई. पण आधी तुझा."

या वेळी गाडी बंद पडली नाही. आपांनी दर अर्ध्या तासाला पेटीतल्या थर्मामीटरचा आकडा माझ्याकडून मोठ्यानं म्हणवून घेतला, कंडक्टर ऐकत असताना.

दुसऱ्या दिवशी अंधाऱ्या खोलीत बसलो. "साफ. काटा. काटा. साफ. काटा. काटा." मी थांबले. "आपा, हळदीवाल्यांचा नमुना लागला का?"

"साखऱ्याचाच हाय. लिही."

दुसरा नमुना, तिसरा, सगळे तसेच. हळदीच्या बायांइतका नव्हता, पण काटा होता. भरपूर होता. आपांनी सूक्ष्मदर्शकावरून डोळा उचलला. "ह्या बायांच्या डोळ्यात काय जातं? धूळ न्हाई. मंग काय?"

मी डोळ्यांपुढं मावशीचं घर आणलं. आतली खोली, खिडकी नाही, कोपऱ्यात चूल, आणि चुलीपुढं मावशी फुंकणी घेऊन. कापसाच्या वाळक्या पऱ्हाट्या जाळतात, त्यांचा धूर छताखाली थर धरून राहतो. सिलेंडर आहे, पण तो पाहुण्यांच्या चहापुरता. पोरगी होते तेव्हा सुट्टीत मी तिथंच बसून भाकरी खायची.

"धूर," मी म्हणाले.

आपा खुर्चीत मागं टेकल्या आणि हसायला लागल्या. खूप हसल्या, डोळ्यात पाणी येईपर्यंत. मग पदरानं डोळे पुसत म्हणाल्या, "साफ म्हणून ज्या बाया धरल्या, त्याच साफ न्हाईत. आन् आपण काय छापणार होतो, सांग? साखऱ्याच्या बायांचे डोळे बराबर हायत."

त्या हसायच्या थांबल्या. कोमट पाण्यातल्या त्या नळ्यांनी काय झाकलं असतं, ते मला तेव्हा कळलं.

मग काम दीड वर्ष वाढलं. चुलीवाल्या, गॅसवाल्या, हळदीवाल्या, अशा तीन तऱ्हांच्या बाया झाल्या. आपांचा लेख एका छोट्या नियतकालिकात छापून आला. दुसरं नाव माझं आहे. एका शेडमालकानं ढोलावर धूळ ओढणारा पंखा बसवला, बाकीच्यांनी चष्मे वाटले, ते बाया कपाळावर लावून फिरायच्या. साखऱ्यात मावशीनं सगळ्यांत आधी भिंत फोडून धुराडं काढलं, मग तिच्या आळीतल्या सहा-सात घरांनी. जग बदललं असं काही झालं नाही. आपा म्हणायच्या, "सहा का सात? नीट मोजून सांग." मी पुन्हा जाऊन मोजलं. सात होती.

पुढं दवाखान्यानं ती खोली औषधांच्या साठ्याला घेतली. आपा परभणीला बहिणीकडं राहायला गेल्या, आणि मी हिंगोलीत एका लॅबमध्ये लागले. रक्त, लघवी, साखर. मी फोन करायची. दोन हिवाळ्यांपूर्वी त्या गेल्या. सकाळी चहा मागितला आणि चहा येईपर्यंत गेल्या, असं बहिणीनं सांगितलं. दफन होऊन गेल्यावर मला कळलं.

या चैत्रात मावशीच्या नातीच्या साखरपुड्याला मी साखऱ्याला गेले होते. जेवणं झाल्यावर पायरीवर बसले असताना एक तिशीची बाई पाण्याचा तांब्या घेऊन आली. मला वाटलं, नात्यातली असेल. तिनं मला निरखून पाहिलं.

"तुमी कागदवाल्या आपाच्या संग होत्या न्हाई का?"

"व्हय. तुमीपण दिला होता का नमुना?"

"दुसऱ्या टायमाला. सासूनं पुढं ढकललं होतं मला. लग्नाला महिनाच झाला होता." ती तोंडाला पदर लावून हसली. "मी लई भेले होते. त्या काय काय विचारून राहिल्या होत्या, मला एक बी आठवत न्हाई. पण एक सांगू का? माझ्या डोळ्यात इतका येळ कुणी पाह्यलंच न्हवतं. आईनं न्हाई, नवऱ्यानं न्हाई. मला वाटलं, ही बाई एवढं काय बघती, माझ्यात हाय तरी काय." मग म्हणाली, "कुठं असतात आता? आणा की एकदा इकडं."

मी सांगितलं.

तिचं हसू गेलं. तांब्या खाली ठेवून ती पायरीवर माझ्या शेजारी बसली. आतून तिच्या सासूनं दोनदा हाक मारली. ती उठली नाही.